अर्ध्या कोयत्याचं औषध

बीड जिल्ह्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. परतलेल्या बायकांमध्ये अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं या तक्रारी घरटी असतात. गोळ्या घेतल्या की महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. खाजगी डॉक्टर गर्भाची पिशवी काढा म्हणतात. एकोणतीस वर्षांच्या एका बाईला तर ऑपरेशनची दसऱ्याआधीची तारीखही मिळाली आहे. ताई विचारतात: हा गुप्तरोग आहे का? असेल तर गावात बोलायचं कसं? पुरुष तर दवाखान्याची पायरीच चढत नाहीत.

ताई, ती तारीख आधी पुढे ढकलायला लावा. का ते सविस्तर सांगतो. सव्वीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांच्या त्वचा व गुप्तरोग विभागात काढली, त्यातली बरीचशी ऊसपट्ट्यात. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना मला त्या बायकांचे चेहरे दिसत होते.

तुमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती त्या जोडीला. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. शरीरसंबंधातून लागणारा आजारही असाच जोडीला धरतो. दोघांपैकी एकालाच औषध दिलं तर दुसऱ्याच्या अंगातला जंतू आठ-पंधरा दिवसांत परत पहिल्याकडे येतो. आपल्या आरोग्य केंद्रांत वर्षानुवर्षं चाललंय ते हेच. बाई येते, गोळ्या घेते, घरी जाते, पुन्हा येते. आपण औषध अर्ध्या कोयत्याला देतो आणि वर तिलाच म्हणतो, "तुम्ही गोळ्या नीट घेत नाही."

पण पांढरं जाणं म्हणजे गुप्तरोग, हे समीकरण तुमच्या तोंडून गावात कधीही जाऊ देऊ नका. पाळीच्या मधल्या दिवसांत किंवा गरोदरपणात थोडं पांढरं जाणं हे शरीराचं नेहमीचं काम आहे. त्रास देणारं जाणं बहुतेक वेळा तीन कारणांनी होतं. योनीत एरवी राहणाऱ्या जंतूंचा समतोल बिघडला की पातळ, राखाडी, माशासारख्या वासाचं पाणी जातं. बुरशी झाली की दह्यासारखं घट्ट जातं आणि खाज सुटते. तिसरा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी, त्यात पिवळसर-हिरवट, फेसाळ जातं आणि आग होते. यातला हा तिसराच ठामपणे लैंगिक आजार म्हणता येतो. रंग आणि वास पाहून ओळखता येतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबून मी कितीतरी वेळा चुकलो आहे. आतून तपासणी आणि शक्य तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब, याला पर्याय नाही.

फडावर काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, संडास नाही, न्हाणी नाही. पाणी प्यायला पुरतं तेवढंच. पहाटे तोडीला गेलेली बाई लघवी दाबून धरते, पाळीचं कापड दिवसभर बदलत नाही, आणि धुतलेलं कापड उन्हात वाळवायला आडोसा नाही म्हणून ते दमटच पुन्हा वापरते. अशा बाईला बुरशी झाली तर तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या वागणुकीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तिला "गुप्तरोग" म्हणालात तर तुम्ही एक घर मोडाल.

या तक्रारी गावात किती खोल आहेत हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी तरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या काळात गावच्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारदरबारी मोजलं जायचं. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत या आजारांवर उपचार सुरू झाले त्यामागे असल्या अभ्यासांचा मोठा वाटा आहे.

आता नेमकी उलटी बाजू. जे आजार खरोखर जोडीदाराकडून येतात त्यातले दोन मोठे, परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया, बाईच्या अंगात बहुतेकदा गप्प बसतात. पांढरं जात नाही, दुखत नाही. जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी राहतो, तिथून वर नळ्यांत चढतो आणि तिथे व्रण पाडतो. दोन-चार वर्षांनी बाई वेगळ्याच दारात उभी असते: मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच राहून रक्तस्राव होतो. पुरुषाचं तसं नाही. परमा झाला की दोन ते सात दिवसांत लघवीच्या वाटेने पू येतो आणि जळजळ इतकी होते की तो कुणाला तरी विचारतोच. म्हणून माझ्या दृष्टीने गावातला सगळ्यात महत्त्वाचा रुग्ण म्हणजे लघवीला जळजळ होणारा पुरुष. त्याच्यामागे एक बाई असते, जिला काहीच होत नाहीये असं सगळ्यांना वाटत असतं.

तो जातो कुठे? तालुक्याच्या मेडिकलवर, नाहीतर तंबूवाल्या वैदूकडे. मेडिकलवाला सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी देतो. परम्याच्या जंतूवर हे औषध कधीच निकामी झालंय. पू कमी होतो, जंतू राहतो, आणि घरी बायकोला लागतो.

सरकारी यंत्रणेत यावर सोपा उपाय आहे. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे समुपदेशक बसतो आणि रंगीत किट मिळतात. पुरुषाला पू येत असेल किंवा बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी संसर्ग दिसला तर राखाडी किट, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम, एकाच वेळी गिळायचं. योनीतून जाण्याला हिरवं. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, ते चौदा दिवसांचं. जखमेला पांढरं, पेनिसिलिन चालत नसेल तर निळं, पाण्याच्या फोडांना म्हणजे हर्पिसला लाल, आणि जांघेत गाठ आली तर काळं. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. अडचण दुसऱ्या किटपाशी येते, म्हणजे जे जोडीदाराला द्यायचं असतं त्याच्यापाशी. ते फार वेळा कपाटातच राहतं.

जंतूंचा समतोल बिघडण्याचा जो पहिला प्रकार सांगितला, तो आम्ही शिकलो तेव्हा लैंगिक आजारात धरत नव्हते. नवऱ्याला औषध द्यायची गरज नाही, असंच मीही शेकडो बायकांना सांगितलंय. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. जिथे फक्त बाईला औषध दिलं तिथे बारा आठवड्यांत ६३ टक्के बायकांना तक्रार परत आली. जिथे पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं मलम दिलं तिथे ३५ टक्क्यांना. "परत परत का येतं" या तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर यात आहे. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण कितीतरी बायकांना मी अस्वच्छतेबद्दल बोल लावला होता.

आता पुरुषाला आणायचं कसं. आधी माझी एक चूक सांगतो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बाईला मी औषध दिलं आणि छापील चिठ्ठी हातात ठेवली: "पतीस तपासणीसाठी घेऊन येणे." वर विभागाचं नाव ठळक अक्षरात, त्यात 'गुप्तरोग' हा शब्द. चार दिवसांनी ती अपघात विभागात आली, हाताला प्लास्टर घालायला. नवऱ्याने चिठ्ठी वाचून घेतली होती आणि अर्थ लावला होता की बाईच कुठूनतरी रोग घेऊन आली. ती माझ्याकडे परत कधीच आली नाही. तेव्हापासून मी कुणालाही चिठ्ठी देण्याआधी विचारतो: "घरी हे सांगितलं तर काय होईल?" उत्तर यायला वेळ लागला की मी समजतो. अशा वेळी तिला स्वतःहून सांगायला लावायचं नाही. नवरा दुसऱ्या कुठल्या कामासाठी येईल तेव्हा बोलायचं, किंवा तोपर्यंत निरोध वापरता येईल का ते बघायचं.

ज्या घरात सांगता येतं तिथे शब्द जपून वापरायचे. मी असं म्हणतो: "हा जंतूंचा संसर्ग आहे. याचं औषध जोडीनं घ्यायचं असतं. एकट्यानं घेतलं तर पुन्हा येतो. सात दिवस संबंध नको." एवढंच. कुणापासून कुणाला, हा विषय मी काढत नाही, आणि त्यामागे वैद्यकीय कारण आहे. क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास अंगात महिनोन्‌महिने लक्षणांशिवाय राहू शकतात. आज सापडला म्हणून तो काल लागला असं नसतं, आणि कुणी आधी आणला हे कुठल्याही चाचणीत दिसत नाही. हे वाक्य मी नवरा-बायको दोघांना समोरासमोर सांगतो. कितीतरी वेळा त्या एका वाक्याने खोलीतलं वातावरण निवळलेलं मी पाहिलंय.

पुरुष पायरी चढत नाहीत असं तुम्ही म्हणता, पण ते अगदी पायरीपर्यंत आलेले असतात. बायको आत आणि नवरा बाहेर टपरीवर, हे रोजचं चित्र आहे. वॉर्डबॉयला पाठवून "डॉक्टरांना तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचंय" असा निरोप दिला की दहातले सहा-सात येतात. आत आल्यावर त्यांची स्वतःची एक तक्रार निघते, बहुतेक वेळा 'लघवीतून धातू जातो', अशक्तपणा वाटतो. त्यात आजार नसतो, पण ती भीती भिंतींवरच्या जाहिरातींनी घातलेली असते आणि तिच्यापायी माणूस हजारो रुपये घालवून बसलेला असतो. ती हसण्यावारी नेऊ नका. ते पाच मिनिटं ऐकून घेतलं की तोच माणूस पुढचं सगळं मोकळेपणाने सांगतो: टोळी कुठे होती, ट्रॅक्टरवाल्यांबरोबर कुठे गेला, निरोध होता का. मी त्याला विचारतो, "मुकादम उचल देताना बायकोलाही मोजतो ना? मग औषधालाही दोघं मोजायची." पुरुषांना हे लगेच पटतं.

यात ज्या आजारासाठी माझा जीव सर्वांत जास्त तुटतो तो म्हणजे गरमी, सिफिलिस. परमा बोंबलत येतो, गरमी चोरपावलांनी. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी लैंगिक भागावर एक जखम होते, कडक कडांची, आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस घाबरत नाही. बाईच्या बाबतीत ती आत असते, दिसतही नाही. कुणी जडीबुटी लावतं, कुणी राख लावतं, आणि तीन ते सहा आठवड्यांत जखम आपोआप भरते. ती तशीही भरणारच असते. पण श्रेय वैदूला जातं आणि गावभर नाव होतं की अमक्याच्या औषधाने गरमी जाते. नंतर काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतं, तेही जातं. मग आजार वर्षानुवर्षं लपून राहतो आणि काहींच्या मेंदूवर, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीवर उठतो.

त्याआधी तो बाळावर उठतो. गरोदर बाईला अंगात सक्रिय गरमी असेल आणि उपचार झाला नाही तर निम्म्याहून अधिक वेळा काहीतरी वाईट होतं: गर्भपात, पोटातच बाळ जाणं, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजार घेऊन आलेलं मूल. दोन-तीन वेळा पोट पडलेल्या बाईला गावात काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरचं लागलंय म्हणतात, अंगारे-धुपारे होतात, कधी दुसरी बायको करण्याची भाषा होते. आणि कारण असतं बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर कळणारं.

म्हणून प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्हीबरोबर सिफिलिसची चाचणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे, आणि तिचा निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर कुणीतरी वाचला पाहिजे. कार्डावर शिक्का आहे, निकाल पॉझिटिव्ह आहे आणि इंजेक्शन दिलेलंच नाही, अशा बाया माझ्याकडे बाळंतपणानंतर आल्या आहेत. उपचार आहे बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. आजार ताजा असेल तर एकदाच. जुना असेल किंवा कधी लागला ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी हे झालं तर बाळ वाचण्याची शक्यता फार मोठी असते. गरोदर बाईला याला तोडीचं दुसरं औषध नाही.

या इंजेक्शनची अनेक ठिकाणी धास्ती घेतलेली असते. ॲलर्जीची रिॲक्शन येईल म्हणून डॉक्टर द्यायला कचरतात. जीवघेणी रिॲक्शन फार विरळ असते. ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून, अर्धा तास बसवून ठेवून द्यायचं. औषध घट्ट असतं, बारीक सुईत अडकतं, जाड सुई लागते आणि दुखतंही. हे आधी सांगावं. आणखी एक गोष्ट सांगावी, जी सांगितली जात नाही: पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांत थंडी-ताप येऊ शकतो, अंग दुखतं. ती औषधाची ॲलर्जी नसते. जंतू एकदम मरतात त्याचा तो ताप असतो, दिवसभरात उतरतो. हे न सांगितल्यामुळे "मला ते इंजेक्शन सोसत नाही" म्हणून पुढची दोन न घेतलेले रुग्ण मी मोजून थकलो. गरोदर बाईला मात्र तापाबरोबर कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखान्यात आणा.

आणि निकालाचा घोळ. गरमीची झटपट चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची जन्मभर तशीच येते, आजार बरा झाला तरी. उपचाराचा परिणाम बघायचा तो व्हीडीआरएल या रक्तचाचणीच्या आकड्यावरून: १:३२ असलेला सहा ते बारा महिन्यांत १:८ किंवा त्याखाली यावा. हे न समजल्यामुळे बरं झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा इंजेक्शनं देतात, किंवा त्याचं लग्न मोडतं.

तुमच्याकडे तीन आठवड्यांचं गणित दसऱ्याशी जुळवावं लागतं. टोळी निघून गेल्यावर दुसरं-तिसरं इंजेक्शन कोण देणार? फडावर दवाखाना नाही, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. म्हणून मी म्हणतो, तपासणीचं शिबिर गणपतीत घ्या. गणपतीत निकाल हाती आला तर घट बसायच्या आत तिन्ही इंजेक्शनं पुरी होतात, आणि नवऱ्याचीही. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात शिबिर घेऊन फोटो निघतात, उपचार होत नाही. ग्रामसभेत बोलायचं असेल तर एवढीच एक मागणी मांडा: शिबिर जोडीचं असावं, आणि गणपतीत असावं. 'गुप्तरोग शिबिर' असं नाव देऊ नका. 'ऊसतोडीआधी जोडीची तपासणी' म्हणा. साखर, बीपी, रक्त, सगळं बघा, त्यातच हेही.

गाव म्हणेल, हे असले आजार आपल्याकडचे नाहीत, ते शहरातल्या, रस्त्यावरच्या 'त्या' बायकांचे. हे फार जुनं दुखणं आहे. सोळाव्या शतकातल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात गरमीला 'फिरंग रोग' म्हटलंय, फिरंग्यांनी आणला म्हणून. तिकडे युरोपात तोच आजार इटालियन माणसाला फ्रेंचांचा वाटायचा आणि फ्रेंच माणसाला नेपल्सचा. इंग्रजांनी १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यात वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होती, आजारी निघाली तर तिला कोंडून ठेवायचं रुग्णालयही होतं. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर त्या कायद्याने कसलंच बंधन घातलं नव्हतं. वीस वर्षांनी, १८८८ मध्ये, कायदा रद्द करावा लागला. अर्ध्या कोयत्याचं औषध सरकारने एकदा करून पाहिलंय, ताई.

आणि 'त्या' बायकांबद्दल. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची एचआयव्ही तपासणी झाली. ज्या वेश्याव्यवसायात नव्हत्या, बहुतांश साध्या संसारी बायका, त्यांच्यातल्या १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. बहुतेकींचा शरीरसंबंध फक्त नवऱ्याशी होता. उलट सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था आणि पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांनी काम केलं. तिथे वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना आणि गिऱ्हाइकांना निरोध वापरायला लावला. आपल्याला निरोधाइतका साधा शब्द घरात उच्चारता येत नाही, आणि त्यांनी तो रोजच्या व्यवहारात आणला. संसारी बाईच्या हातात ती ताकद नाही. नवऱ्याला "वापर" म्हणायची तिची टाप नसते. धोका कुणाला जास्त आहे ते यावरून ठरवा.

आता पिशवीकडे येतो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. त्यामागे पाळीचा खाडा, कॅन्सरची भीती आणि न संपणारं पांढरं जाणं ही तीन कारणं पुन्हा पुन्हा येतात. पण विचार करा: ट्रायकोमोनास राहतो योनीत. बुरशी होते योनीत. जंतूंचा समतोल बिघडतो तोही योनीत. गर्भाशय काढून टाकल्यावर योनी राहतेच आणि नवऱ्याच्या अंगातला जंतूही राहतो. मी अशा बायका तपासल्या आहेत, ज्यांची पिशवी पंचविशीत गेली आणि पांढरं जाणं तसंच राहिलं. वर कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. अंडाशय ठेवलं तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येतं. तेही काढलं तर दुसऱ्या दिवसापासूनच म्हातारपण सुरू होतं.

"पिशवीचं तोंड सुजलंय, पुढे कॅन्सर होईल" ही भीती घातली की बाई कर्ज काढून टेबलावर चढते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो एचपीव्ही विषाणूने, आणि तोही शरीरसंबंधातूनच येतो. फार जणींना तो लागतो आणि बहुतेकींच्या अंगातून एक-दोन वर्षांत निघूनही जातो. ज्यांच्यात टिकून राहतो त्यांच्यातल्या काहींना, दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होतो. म्हणजे शोधायला भरपूर वेळ असतो. हे तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. जिथे एचपीव्हीची एकच चाचणी केली त्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. जिथे काहीच केलं नाही, जवळपास तेवढ्याच बायकांच्या गटात, ६४. एक चाचणी, आयुष्यात एकदा. ती नसेल तर तिशीनंतर व्हिनेगरसारखं ॲसेटिक ॲसिड लावून सिस्टर करते ती तपासणी तरी व्हायलाच हवी. मुलींसाठी लसही आहे, आता पुण्यातही बनते.

शेवटचा अडथळा आपलाच आहे: केसपेपरची खिडकी. "काय होतंय?" असं मोठ्याने विचारतात आणि मागे गावातली चार माणसं उभी असतात. बाई "डोकं दुखतंय" म्हणते आणि चुकीच्या खोलीत जाते. मी ज्या रुग्णालयात शेवटी होतो तिथे आम्ही खिडकीवरच्या मुलाला एवढंच शिकवलं: कुणी "त्वचा" म्हणालं की पुढे काही विचारायचं नाही. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून असा एखादा शब्द ठरवून घ्या.

आणि तुमच्यासाठीही एक कडक नियम. कुणाचाही निकाल तुमच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये, नवऱ्याचा बायकोच्याही नाही. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे: जोडीदाराला सांगायचं झालं तर ते डॉक्टर किंवा समुपदेशकच, ठरलेल्या पद्धतीने, सांगू शकतात. तुमच्यावर गावाचा विश्वास आहे तो याच एका गोष्टीवर टिकेल. ज्यांना तुमच्याशीही बोलायचं नाही त्यांना १०९७ हा मदतवाहिनीचा मोफत क्रमांक द्या.

आता त्या एकोणतीस वर्षांच्या बाईकडे. तिला विचारा, पाळीत रक्त फार जातं का, सोनोग्राफीत मोठी गाठ आहे का. असेल तर गोष्ट वेगळी. मग सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कागद दाखवून ठरवा. फक्त पांढरं जाणं आणि दुखणं एवढंच असेल तर ऑपरेशनची घाई कुणालाही नाही, मुकादमाला सोडून. उचल घेतली असेल आणि त्यातूनच ऑपरेशनचे पैसे जाणार असतील तर तेही नवऱ्याला आकड्यांत दाखवा, तो ऐकेल. आतून तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी, सिफिलिस आणि एचआयव्हीची चाचणी, मग जे किट लागेल ते, आणि तीन महिने वाट. मारहाणीचं घर नाही याची आधी खात्री करून घ्या. बाजाराचा दिवस टाळा, तेव्हा खिडकीवर गर्दी असते. दोघांना सोबत घेऊन जा, तुम्ही बाहेर बसा, आणि केसपेपर दोन काढा, एक तिचा आणि एक त्याचा.